दातांवरचं कंपाउंड

माझे सासरे गाडीचं पॉलिश दातांनी पारखायचे. मी मस्करी करत नाही. करंगळीच्या नखावर पेस्टचा कण घ्यायचा, पुढच्या दातांत धरायचा, डोळे मिटून खालचा जबडा उजवीकडे-डावीकडे फिरवायचा, मग थुंकायचं आणि निकाल द्यायचा. "जाड हाय." किंवा "मध्यम." किंवा, अगदी क्वचित, "बारीक. लेकराच्या गालाला लावा." भोवती जमलेली माणसं माना हलवायची. इस्लामपुराहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. तिथं मान हलवणाऱ्याला चहा फुकट असायचा, हेही सांगून टाकतो.

मागल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. तीच माणसं जेवायला आली आणि हात धुताना म्हणाली, असा पारखी पुन्हा होणार नाही. मीही मान हलवली. शोभा, म्हणजे माझी बायको, वाढत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पातेलं घेऊन आत गेली. त्या पाहण्यानं मला हे लिहायला बसवलं आहे. बोलून दाखवणं मला कधी जमलं नाही.

मला तो माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं ही रीत मला ठाऊक आहे आणि वर्षभर मी ती पाळली. पण खोटं गोड बोलून मेलेला माणूस गोड होत नाही. बोलणारा तेवढा चिकट होतो.

गॅरेजातली पोरं त्यांना आबा म्हणायची, मी मामा म्हणायचो. मी मूळचा वाईचा. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा झालेला, पुण्याकडच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नोकरीला. ते पेंट शॉप बंद पडलं आणि मी बायकोच्या माहेरी, सासऱ्याच्या गॅरेजात येऊन उभा राहिलो. घरजावई हा शब्द तोंडावर कुणी उच्चारला नाही. मामा मला "पावणं" म्हणत. जावयाला पाव्हणं म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे, त्यात वावगं काही नाही. पण मामांच्या तोंडी तो शब्द रोज नव्यानं आठवण करून देई की बाबा, तू इथला नव्हेस. पावणं, जरा सरका. पावणं, शाळा बंद करा. पावणं, च्या सांगा.

त्यांचं रूप सांगतो. नीळ दिलेला पांढराशुभ्र लेंगा-सदरा, गॅरेजात. त्या कपड्यांवर कधी ग्रीसचा ठिपका पडला नाही. लोक ह्याचं कौतुक करत, पण ह्याचा अर्थ एवढाच की ते कामाला हात लावत नव्हते. चपलांना गाडीचं मेण चोपडायचे आणि बसलं की पाय अशा बेतानं पुढं करायचे की उन्हात चपला चमकाव्यात. मिशीला काय लावायचे ते मी विचारलं नाही. उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या बॉनेटवर अंगठा घासल्याशिवाय त्यांना पुढं जाता यायचं नाही, मग ती लग्नातल्या वरबापाची असो नाहीतर दवाखान्याच्या दारात थांबलेल्या कुणाची. अंगठा घासायचा, नाक मुरडायचं, आणि मालकाला ऐकू जाईल असं म्हणायचं, "रंगाचा पार इस्कोट केलाय गड्यानं."

धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीच्या रंगावर बारीक ओरखडे पडतात. ते भरून निघत नाहीत. त्यांच्या भोवतीचा रंग घासून ओरखड्याच्या पातळीला आणायचा, की ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे चमक वर काही लावून येत नसते, वरचं काही काढून येते. काढणारी जाड पेस्ट ते कंपाउंड, बारीक पेस्ट ते पॉलिश, आणि दोहोंच्या मध्ये पन्नास नावं आणि पन्नास बाटल्या. कुठली किती खाते, एवढाच सगळा प्रश्न. ह्या बाबतीत मामांचं एक म्हणणं बरोबर होतं, ते कबूल करतो. ते म्हणायचे, डब्यावरच्या नंबरावर जाऊ नका. एका कंपनीचं तीन नंबर दुसऱ्या कंपनीच्या एक नंबराहून जास्त खातं. हे खरंच आहे. सगळ्यांना लागू पडेल असं मोजमाप ह्या मालाला नाही, ज्यानं त्यानं आपली फूटपट्टी आपणच आखलेली. मामांनी ह्यातून असा अर्थ काढला की मग फूटपट्टी आपले दात.

रविवारी सकाळी त्यांचा दरबार भरायचा. भंगारातून आणलेलं जुन्या गाडीचं एक काळं बॉनेट दोन ड्रमांवर आडवं टाकलेलं. त्यावर चिकटपट्टी लावून पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यावर वेगळी पेस्ट, प्रत्येकाला वेगळं फडकं. मामा खुर्चीत. घासायचं काम दुसऱ्याचं. घासून झालं की फडकी ओळीनं वाळत घालावीत तशी धरायला लावायचे. ज्या फडक्यावर काळा रंग जास्त तो माल जाड, ज्यावर कमी तो बारीक. "फडक्यानं साक्ष दिली पायजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. "फडकं कोरं ऱ्हायलं म्हंजी नुसती मालिश केली, काम न्हाई झालं."

त्या जुन्या बॉनेटपुरतं हे बरोबर होतं. पूर्वी गाडीला एकच रंग असायचा, वरपासून खालपर्यंत काळा तर काळाच. घासला की फडक्यावर उतरायचा. आताच्या गाड्यांना रंगाच्या वर एक बिनरंगाचा पारदर्शक थर असतो, आम्ही त्याला क्लिअर म्हणतो. घासताना जातो तो हा थर, आणि त्याला रंगच नसल्यामुळे फडकं कोरं राहतं. फडक्यावर रंग दिसला, तर समजायचं की क्लिअर संपला आणि गाडी उघडी पडली. जी खूण मामांच्या जमान्यात काम झाल्याची होती, ती आता काम बिघडल्याची झाली होती. मी हे त्यांना सांगितलं होतं, चित्र काढून सांगितलं होतं. ते म्हणाले, "पावणं, तुमच्या वाईत घाटाव बसून असलंच शिकवत्यात काय?" लोक हसले. चहा आला.

पुण्याहून एक सेल्समन आला होता, ती गोष्ट वर्षश्राद्धाच्या पंगतीतही निघाली. त्यानं दोन ट्यूबांची नावं झाकून मामांसमोर ठेवली. मामांनी दोन्ही दातांत धरल्या आणि न चुकता जाड कुठली ते सांगितलं. सेल्समननं पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या दिवसापासून मामांची कीर्ती कऱ्हाडपर्यंत गेली. मी शेजारीच उभा होतो. जाड माल त्या वेळी रॉकेलसारखा वास मारायचा, बारीक मारायचा नाही. मामांनी नखावर कण घेतला तेव्हाच त्यांच्या नाकपुड्या हलल्या होत्या. पुढचं दात फिरवणं म्हणजे नुसती लावणी होती, निकाल आधीच लागलेला.

आणि एक प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. लाल गाडी, जपून वापरलेली. मामांनी तिला तेलकट पॉलिश चोपडून दिलं. असलं पॉलिश ओरखडे काढत नाही, त्यात तेल भरून ते झाकतं. गुरुजी खूश होऊन गेले. दोनदा गाडी धुतल्यावर ओरखडे होते तिथंच परत. ते बिचारे आले, हळू आवाजात म्हणाले, आबा, पहिल्यासारखंच झालं की हो. मामांनी गाडीकडे न बघता विचारलं, "तुमी धुतली कशाला?" आपलीच चूक झाली असं चेहऱ्यावर घेऊन माणूस परत गेला. मामांना माणसाला त्याच्याच पैशानं खजील करून परत पाठवता यायचं.

मग गॅरेज चाललं कसं? इलाहीमुळं. इलाही मिरजेचा, आमचा पेंटर. स्प्रे गन हातात घेतली की गडी कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. गरीब-बिचारा मुळीच नव्हता. स्वतःच्या हाताचा त्याला इतका गर्व की दुसऱ्यानं मारलेला रंग दिसला की शिवी दिल्याशिवाय राहायचा नाही. मला दाजी म्हणायचा, मालकाचा जावई म्हणून. बफिंग मशीनही तोच धरायचा. मामा पहिला हात फिरवायचे, चार वाक्यं टाकायचे, आणि मशीन त्याच्याकडे देऊन खुर्चीत बसायचे. इलाही मग स्वतःच्या अकलेनं माल बदलायचा, वेळेवर थांबायचा. हात त्याचा, तोंड मामांचं. असं चाललेलं होतं, आणि चालू द्यायला माझी हरकत नव्हती.

मी पगारातून साठवून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं. पत्र्याला टेकवलं की वर किती थर आहे त्याचा आकडा दाखवतं. मामांनी त्याचं नाव "पावण्यांचा थर्मामीटर" ठेवलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, जरा थांबा, आमचं पावणं गाडीचा ताप बघत्यात. मी यंत्र कपाटात ठेवून दिलं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

विट्याकडच्या गावांतली माणसं देशभर गलाईच्या दुकानांत पसरलेली आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा त्यांचा धंदा. गावच्या जत्रेला मात्र सगळे परत येतात, आणि येतात ते गाड्या घेऊन. लांबच्या राज्यांच्या नंबरप्लेटा, पंधरवडाभर आमच्याकडे रांग. अर्जुनशेठ त्यांतलेच. केरळात दुकान, काळी मोठी गाडी. आदल्या जत्रेला ट्रॉलीतला ऊस घासून तिच्या बॉनेटला पोचा आला होता, तेव्हा इलाहीनं अख्खं बॉनेट नव्यानं रंगवून दिलं होतं. शेठ त्या रंगावर इतके खूश होते की गावातल्या आणखी तीन-चार गाड्या त्यांनी इलाहीचं नाव सांगून पाठवल्या होत्या. ह्या वेळी काम साधं होतं, गर्दीत पडलेले बारीक ओरखडे काढायचे. दुसऱ्या दिवशी पालखीपुढं गाडी उभी राहायची होती.

नवीन माल आला होता. लोण्यासारखा मऊ, वास नाही, बोटाला कण लागत नाही. पण होता तो जाड माल. आताच्या मालात कण इतके बारीक दळलेले असतात की दाताला कळत नाहीत, आणि तरी खातात मात्र पूर्वीच्या जाड मालाहून जास्त. मामांनी दातांत धरला, जबडा फिरवला आणि थुंकायचीही तसदी घेतली नाही. "लोनी हाय. ह्यानं काय बी जात न्हाई." मी म्हणालो, मामा, हा जाड आहे, मशीनला लोकरीचा पॅड लावून नको, तो आणखी खातो. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पावणं, शेटना च्या सांगा."

शेठ समोर उभे होते म्हणून की काय, त्या दिवशी मामांनी मशीन इलाहीला दिलं नाही. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. बॉनेटच्या उजव्या अर्ध्यावर, जिथं पत्र्याला उभी धार आहे तिथं, मशीन लावून दाबून धरलं. पॅड कोराच दिसत होता. "अजून धरलं न्हाई," असं म्हणून परत माल घेतला, परत फिरवलं. इलाही दोनदा पुढं झाला, दोनदा त्यांनी कोपरानं मागं सारला. मग पॅड काळा झाला. इलाही म्हणाला, "आबा, थांबा." मामांचा चेहरा उजळला. पॅड उचलून त्यांनी शेठना दाखवला. "बघा. आत्ता साक्ष दिली." आणि परत मशीन टेकवलं.

पुसल्यावर धारेवर राखाडी पट्टा दिसला. काळ्या गाडीच्या छातीवर, करंगळीएवढा रुंद. रंगाच्या खालचं प्रायमर होतं ते.

शेठ वाकून बघत होते. मामांनी मशीन खाली ठेवलं, फडक्यानं हात पुसले, नीट, एकेक बोट करून. मग म्हणाले, "इलाही, गेल्या साली क्लिअर पातळ मारलावतास व्हय रं?"

मी त्यांना पुष्कळदा खोटं बोलताना ऐकलं होतं. हे वेगळं होतं. इलाहीला कळलं होतं की हे वाक्य इथं थांबणार नाही. गलाईवाल्यांची बोलणी जत्रेत होतात आणि जत्रेतून दहा गावांत जातात. इलाही क्लिअर पातळ मारतो, पैसे जाडाचे घेतो, एवढं एकदा पसरलं की इस्लामपूर ते मिरज त्याला कुणी गाडी दिली नसती. रंगाऱ्याकडे हातापलीकडे काय असतं? मामा आणखी बोलत होते. पातळ क्लिअरवर लोणी लावलं तरी उतरणार, ह्यात घासणाऱ्याचा काय दोष, हल्लीच्या पोरांचा हात राहिला नाही. इलाही एवढंच म्हणाला, "आबा, माझ्याव घालू नगा."

मी कपाटातून यंत्र आणलं. बॉनेटचा डावा अर्धा अजून कुणी शिवला नव्हता आणि तोही इलाहीनंच, त्याच दिवशी, त्याच गननं मारलेला. डावीकडच्या धारेवर यंत्र टेकवलं आणि आकडा शेठना दाखवला. चांगला जाड थर. उजवीकडे त्याच जागी टेकवलं. निम्मासुद्धा नव्हता. शेठना समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांची हयात सोन्याची घट मोजण्यात गेली, त्यांना आणखी काय सांगायचं? त्यांनी स्वतः यंत्र हातात घेऊन दोन-चार जागी टेकवलं आणि मामांकडे न बघता म्हणाले, "म्हंजी घट हाताची हाय. मालाची न्हाई."

इथं ते संपलं होतं. इलाही सुटला होता. शेठनी त्याला विचारलंही, उद्यापर्यंत बॉनेट परत मारून होईल का? तो हो म्हणाला. शेठ खुर्ची ओढून बसले. मामा भिंतीशी उभे होते, काही न बोलता. मी त्यांना पहिल्यांदाच काही न बोलता उभं असलेलं पाहत होतो.

आता जे सांगायचं आहे ते शोभालाही मी पूर्ण सांगितलेलं नाही.

मला तेवढं पुरेसं वाटलं नाही. मी आत जाऊन दोन बाटल्यांची झाकणं आणली. एकात सगळ्यांत जाड माल घेतला, एकात सगळ्यांत बारीक. दोन्ही नव्या जातीचे, दोन्ही पांढरे, दोन्ही बिनवासाचे. बिनवासाचे मी मुद्दाम निवडले. बाहेर येऊन त्यांच्यापुढं धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, तुमचे दात तरी काय म्हणतात बघू. ह्यातलं जाड कुठलं?"

त्यांना हसून उडवता आलं असतं. पण रविवारची सगळी मंडळी बघ्यांत उभी होती, चहाचे कप हातात घेऊन. मामांनी करंगळी पुढं केली. चाखलं. चुकलं. मी झाकणं पाठीमागं नेऊन अदलाबदल केली आणि परत धरली. परत चाखलं. परत चुकलं. मागं कुणीतरी हसलं, फुकटच्या चहावर वर्षानुवर्षं मान हलवणाऱ्यांपैकीच कुणीतरी. तिसऱ्यांदा त्यांनी कण दातात धरला खरा, पण जबडा फिरवला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत उत्तर सापडतं का ते शोधत होते. सत्तरीचा माणूस, माझ्या बायकोचा बाप, माझ्याकडे मदतीला बघत होता.

मी नजर बारीक मालाच्या झाकणावर टेकवली आणि तिथंच ठेवली. त्यांनी तेच उचललं. "ह्ये जाड," म्हणाले.

ह्या वेळी बरेच जण हसले. मी हसलो नाही. मला हसायची गरज नव्हती, इतका मी आतून गार झालो होतो. त्या सुखाची चव मला अजून आठवते, आणि तेवढ्याचसाठी मला माझी किळस येते. खरं बोलून एका माणसाला वाचवलं, हे मी नंतर दहा ठिकाणी सांगितलं. नजरेनं दुसऱ्याला फसवलं, हे आज लिहितोय.

मामांनी रुमालानं तोंड पुसलं, चपला घातल्या आणि उन्हातून स्टँडच्या दिशेनं चालत गेले. इलाही पाणी आणि घासायचा खरखरीत पेपर घेऊन बॉनेट घासायला बसला. मान वर न करता म्हणाला, "दाजी, माझं मिटलं हुतं की. फुडचं कुणासाटनं केलंसा?" मी त्याला प्रायमर किती लागेल ते विचारलं.

शोभाला दिवस मावळायच्या आत कळलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. ताट वाढून समोर ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं खरं हुतं. पन माझ्या बापाला माघारी यायला येक दार ठिवायचं हुतं." ताट मी संपवलं.

मामा गॅरेजात परत आले नाहीत. एकाच घरात राहत होतो, पण मी यायच्या आत त्यांचं जेवण झालेलं असायचं. समोर आलेच तर बाजूला सरकून वाट द्यायचे. पावणं म्हणायचं बंद झालं. घरातलं काही ठरवायचं असलं तर म्हणायचे, "त्यास्नी इचारा." किती वर्षं ज्या शब्दाचा मला संताप यायचा, तो शब्द ऐकू येईना म्हणून घर ओकंबोकं वाटायला लागलं, आणि ह्याचाही मला संतापच आला. पश्चात्तापानं माणूस सुधारतो म्हणतात. माझ्याबाबतीत तसं काही झालं नाही. मी त्यांना जास्तच टाळू लागलो. ज्याला आपण दुखावलं तो माणूस समोर आला की आपल्यालाच चिडचिड होते.

सकाळी डबा घेऊन ते कुठंतरी जायचे आणि दिवस कलल्यावर यायचे. शोभानं विचारलं तर सांगायचे, देवळात बसतो. ती मला म्हणाली, जरा बघा तरी. मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. पुढं त्या उन्हाळ्याच्या शेवटी छातीत कफ होऊन ते चार दिवसांत गेले. मी त्यांना बाहेर असं शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, आणि तेही ठरवून नव्हे.

तासगाव रस्त्यानं एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला निघालो होतो. वाटेत एक नवं वॉशिंग सेंटर लागलं. पत्र्याचं शेड, एक पाण्याचं मशीन, धुवायला लावलेल्या दोन गाड्या. शेडच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीत मामा बसले होते. सदरा पांढरा, पण नीळ नव्हती. समोर गाड्यांचे मालक आणि दोन-तीन रिकामटेकडी माणसं. मामांचा हात हवेत होता, काहीतरी रंगात येऊन सांगत होते. तो जुना, वरच्या पट्टीतला आवाज मला गाडीत बसल्या बसल्या ऐकू आला. मी नकळत ब्रेक दाबला.

त्यांनी मला पाहिलं आणि हात खाली घेतला. वाक्य अर्ध्यातच राहिलं. खुर्चीतून उठले आणि तीच खुर्ची माझ्याकडे सरकवून बाजूला उभे राहिले, हात पोटावर बांधून. साहेब आल्यावर शिपाई उभा राहतो तसे. लोक माझ्याकडे बघायला लागले, की हा कोण एवढा मोठा. मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी उतरलो असतो. मी आता लोकांसमोर काय करीन ह्याची ते वाट बघत होते, आणि त्यांना भीती वाटत होती.

मी खिडकीतून म्हणालो, "बसा मामा. सहज चाललो होतो."

ते बसले नाहीत. मी गिअर टाकला. गाडी जरा पुढं गेल्यावर मागून आवाज परत सुरू झाला. आधी दबलेला, मग हळूहळू पहिल्यासारखा. काच उघडीच होती. ते त्या मालकांना सांगत होते, गाडी धुतली की पुसायची न्हाई, तशीच भर उनात लावायची, पान्याचं डाग उनानं आपसूक जात्यात.

पाण्याचे डाग उन्हानंच पडतात. काळ्या रंगावर तर असे पडतात की पुढं घासूनही निघत नाहीत. मी आरशात बघितलं. ऐकणाऱ्यांपैकी एकजण मान हलवत होता आणि मामा खुर्चीत परत बसत होते. मी काच वर केली आणि निघालो.